एकोणिसावं प्रकरण

सबनीस मिस गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. मालाडला त्यांच्याबरोबर राहणाऱ्या धाकट्या बहिणीने, सुमनताईंनी, चारच ओळी लिहिल्या होत्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, दिवस झाल्यावर एकदा येऊन जा. मी कार्ड आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, हात थांबवून म्हणाली, "तुझ्या इंग्रजीच्या बाई ना? त्या एकट्याच माझ्याशी मराठीत बोलायच्या गं." याला आता पाच आठवडे झाले. लिहायला इतके दिवस लागले, कारण मिसबद्दल लिहायचं तर एक गोष्ट गाळून लिहिता येत नाही, आणि ती गोष्ट मी दहा वर्षं कुणालाच सांगितलेली नाही...

बोरीवलीच्या आमच्या इंग्रजी शाळेत मिस आम्हाला नववीला आल्या. सुती साडी, जाड चष्मा, आणि पर्समध्ये खडूचे तुकडे. त्यांच्या वर्गात 'नाइस' या शब्दाला बंदी होती. कुणी म्हटलंच तर त्या कानाला हात लावून विचारायच्या, "नाइस म्हणजे काय? गरम? गोड? की नुसतं तुझं काम वाचवणारं?" भूतकाळ शिकवायचा तर सकाळपासून घरी काय काय झालं ते प्रत्येकीला सांगायला लावायच्या. चाळीस घरांतले चहा, भांडणं, पाण्याच्या रांगा सगळं इंग्रजीत यायचं, आणि काळ कधी शिकून झाला ते कळायचंही नाही. मी मात्र माझ्या घराबद्दल नेहमी खोटं सांगायची. माझ्या सांगण्यातली आई सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायची. खऱ्या आईला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं, आणि हे वर्गात कुणाला कळू नये म्हणून मी मैत्रिणींना घरी बोलवत नसे.

त्या वर्षी मिसनी आम्हाला कादंबरी वाचायला लावली. दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीची गोष्ट होती. शाळेत तिची एकही प्रत नव्हती, होती ती मिसची स्वतःची. त्यांनी काय करावं? आमच्यासमोर टेबलावर पुस्तक ठेवलं आणि ब्लेडने शिवण कापली! चोवीस प्रकरणं सुटी केली, प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वाटून टाकली. एक प्रकरण घरी न्यायचं, वाचायचं, शुक्रवारी पुढच्या मुलीला द्यायचं. बहुतेकींना गोष्ट मधूनच सुरू करावी लागली. "आधी काय झालं असेल ते मनाने रचा," मिस म्हणायच्या. "चुकलात तरी चालेल. लेखकही चुकत चुकतच लिहितो."

माझ्याकडे एकोणिसावं प्रकरण आलं तेव्हा त्याचं कव्हर फाटलं होतं. नवं घालावं म्हणून मी जुनं काढलं, पानं खिडकीत ठेवली आणि शिकवणीला गेले. परत आले तर खिडकी रिकामी. दुपारी कोळीण येऊन गेली होती. जवळा बांधून द्यायला ती आमच्याकडून रद्दी न्यायची, आणि आईने वर्तमानपत्रांबरोबर ती सुटी पानंही देऊन टाकली होती.

"अगं, चुरगळलेली पानं होती. मला काय कळणार त्यावर काय लिहिलंय?" आई रडवेली झाली. "मी येऊन सांगू का तुझ्या बाईंना?"

"नको!" मी ओरडले. "तू शाळेत येऊ नकोस."

ते वाक्य परत घेता आलं असतं तर...

ती कोळीण म्हणजे माझ्या मागच्या बाकावरच्या मीनलची आई. चारकोपहून टोपली घेऊन यायची आणि त्या पैशांतून मुलीची फी भरायची. हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे मीनललाही माहीत होतं. शाळेत आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढत नसू. शुक्रवारी ते प्रकरण मी मीनलला द्यायचं होतं.

मिसनी विचारलं, "एकोणीस कुणाकडे?" मी बाकाकडे बघत राहिले. तेवढ्यात शीला म्हणाली, "मिस, मीनलकडे असणार. वास घ्या ना, लगेच सापडेल!" वर्ग फिदीफिदी हसला. मिसनी शीलाला उभं केलं, आणि त्याच वेळी माझ्या मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"माझ्याकडून खराब झालं, मिस," मीनल म्हणाली.

मी बसूनच राहिले. वळूनही पाहिलं नाही.

"मग आता तूच लिहून आण," मिस शांतपणे म्हणाल्या. मीनलने सोमवारी सहा पानं आणली. तिच्या प्रकरणात वादळानंतर किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायका परतणाऱ्या होड्या मोजत होत्या, आणि कुणीच मोठ्याने मोजत नव्हतं. मिसनी ते वाचून दाखवलं तेव्हा शीलाही हसली नाही. मिसनी त्या पानांना खाकी कव्हर घातलं, आणि पुढच्या सगळ्या मुलींनी तेच प्रकरण वाचलं. पण 'पानचोर' हे नाव मीनलला वर्षभर चिकटलं. मधल्या सुट्टीत कुणी ते ओरडलं की मी डब्यात डोकं घालायची.

सुमनताईंकडे गेले तर मीनल तिथे आधीच बसलेली. ती आता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. चहा झाला, आणि मी कशीबशी बोलले. "मीनल, ते प्रकरण..."

"माहितेय गं. आईच्या टोपलीत दोन पानं उरली होती, जवळ्याखाली. मला वाटलं, कळलं तर माझ्या आईलाच चोर म्हणतील. म्हणून उठले."

"आणि मी माझ्या आईसाठी बसून राहिले."

"ते नंतर आलं माझ्या लक्षात. मिसना मी तेव्हाच सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तिचं तिला सांगू दे, आपण वाट बघू." मग ती हसली. "तू पण ना! दहा वर्षं लावलीस यार."

आम्ही मिसच्या खोलीत गेलो. खाटेवरची चादर बदललेली, चष्मा मात्र तसाच उशीजवळ. कपाटात चोवीस प्रकरणं सुतळीने बांधून ठेवली होती. वर एक लहान वही, कोणतं प्रकरण कोणत्या मुलीकडे याची. एकोणिसाव्यापुढे 'हरवलं' असं लिहून पुढे मीनलचं नाव होतं. त्या नावावर लाल शाईची एकच सरळ रेघ. रेघेनंतर बोटभर जागा मिसनी मोकळी सोडली होती.

आमच्या वर्गातल्या ज्या मुली हे वाचत असतील त्यांना सांगते. ते प्रकरण माझ्या घरून गेलं. मीनलने काहीही हरवलं नव्हतं. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही.

सुमनताईंकडे मी पेन मागितलं. खाटेच्या कडेला बसून त्या मोकळ्या जागेत माझं नाव लिहिलं, आडनावासकट. अक्षर जरा मोठं आलं, मावेना. मीनलने वही धरून ठेवली होती.