उलट्या पडलेल्या रेघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही. इथे लोक न हसता वाचतात, म्हणून लिहितोय.

मी नाशिकचा. धावपट्ट्यांवर रंगकाम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. निफाडच्या बाजूला, द्राक्षबागांच्या पलीकडे, शिकाऊ पायलटांची एक छोटी धावपट्टी आहे — नाव लिहीत नाही. टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानं ज्या रस्त्याने धावपट्टीपर्यंत येतात-जातात त्यावरून, धावपट्टीवर चढण्याआधी आडव्या पिवळ्या रेघा असतात, दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेघांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगी मिळेपर्यंत थांबायचं. उतरून बाहेर पडणाऱ्याच्या बाजूला तुटक रेघा. त्याने थांबायचं नाही.

त्या रेघा आमच्याकडून उलट्या पडल्या. एक शिकाऊ मुलगी विमान उतरवून बाहेर पडत होती, अखंड रेघा बघून धावपट्टीतच थबकली. मागून दुसरं विमान उतरत होतं. त्याच्या पायलटने ते ऐनवेळी वर उचललं, म्हणून दोघं वाचले.

चौकशीत मी म्हणालो, "पेंटरची चूक." पेंटर नामदेव, सायखेड्याचा. खरं तर नकाशा उलटा धरून सूत मीच मारलं होतं. सूत म्हणजे खडू लावलेली दोरी; ताणून सोडली की जमिनीवर तिची खूण उमटते, पेंटर फक्त त्यावर रंग भरतो.

नामदेव सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, सूत तुमचं होतं ना? सांगा की!"

मी बुटांकडे बघत राहिलो. त्याला कामावरून काढलं.

रेघा खरवडून नव्याने मारल्या, सुलट. मी स्वतः तपासल्या. त्यानंतर एका दुपारी धावपट्टीच्या मधला पांढरा पट्टा बघून एकटाच परत निघालो... आणि समोर अखंड रेघा. माझ्या बाजूला.

ऊन लागलं असेल म्हटलं. पण पाय उचलेना. बाजूच्या गवतातून निघालो, तर चार पावलांत पुन्हा त्याच रेघा समोर. दुसरीकडे वळलो, तरी त्याच. पलीकडे जीपजवळून वॉचमन गणपत ओरडत होता, "ओ नाना! फोटू काढून राहिले का तिथं? इमान येऊन राहिलंय, चला ना भाईर!"

इंजिनाचा आवाज मलाही येत होता. त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर पडलं — "सूत मी मारलं होतं!"

पाय सुटला. धडपडत पलीकडे पडलो. मागे चाकं टेकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर रेघा जिथल्या तिथे, सुलट.

"काय म्हनले हो नाना? कोनी कोनाला मारलं?" गणपतने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणतात, बीपी. असेल. पण बीपीने रेघा कशा फिरतात, ते मला अजून कळलेलं नाही.

नामदेव आता सायखेड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. तिथून जाताना मी गाडीची काच वर घेतो. चार लोकांसमोर म्हणायचं ते एक वाक्य मी त्याचं अजून देणं लागतो.