शेवटच्या रांगेतला रुमाल

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी नाटक कंपनीत गेले. मामा तिथे पेटी वाजवायचे, त्यांनीच नेलं. पुढे सिनेमेही केले. त्यांत मी कायम खाष्ट सासू. पंचवटीत भाजीला गेले की बायका तोंडावर म्हणायच्या, "सुनेला उपाशी मारलंस आणि स्वतः भेंडी निवडतेस होय?" मला राग यायचा नाही. काम बरं झालं असा त्याचा अर्थ.

पण सिनेमात पुटपुटलं तरी चालतं. आवाज लागायचा नाटकात. पेठ गावात उघड्या मैदानात प्रयोग असायचा आणि मागे जीपवाले हॉर्न मारायचे. तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेलाच पाहिजे. त्यासाठी आमच्या कंपनीची एक रीत होती. कंपनीतला एक जण शेवटच्या रांगेमागे उभा राहायचा आणि शब्द पोचेना झाला की पांढरा रुमाल वर धरायचा. आमचं अर्धं लक्ष त्या रुमालाकडे असे. त्या रुमालवाल्याशीच मी लग्न केलं. माझ्या वेळी रुमाल कमी वर करायचे म्हणून नव्हे. जेवताना बोलायचे नाहीत म्हणून.

यंदा इथल्या कॉलेजातल्या एका मुलीने नाटक बसवलं आणि त्यातल्या आजीचं काम मला दिलं. स्टेजवर जाऊन मला कितीतरी वर्षं झाली होती. तालमीला ती गालाला चिकटवायचा माईक घेऊन आली.

"मला नको," मी म्हटलं.

"आजी, आता सगळेच लावतात."

"सगळ्यांना लाव."

"आणि मागे ऐकू नाही गेलं तर?"

"तर दुसरी आजी बघ."

बोलून बसले, पण माझीच खात्री नव्हती. आदल्याच दिवशी गॅलरीतून दूधवाल्याला हाक मारली, तर त्याने वर पाहिलंही नव्हतं. आवाज गेला असेल तर मी नटी राहिले नाही, नुसती म्हातारी.

घरी यांना विचारलं, "अहो, तुमचा रुमाल आहे का कुठे?"

"कशाला?"

"शेवटच्या रांगेत बसायचंय."

"मी उभा राहायचो."

"गुडघे आहेत का उभं राहायला?"

"कान आहेत," हे म्हणाले.

प्रयोगाला थेटर भरलं. सुरुवातीची वाक्यं बरी गेली. मग नाटकातल्या नातवाला मी झापत होते, तेवढ्यात मागे दाराच्या दिव्याखाली पांढरं काहीतरी वर आलं. म्हणजे शब्द पोचत नव्हता. पण थांबून कसं चालेल? छातीत दम भरला आणि पेठच्या मैदानात बोलायचे तशी बोलले, "गप बस. आधी माझं ऐक."

नातू झालेला मुलगा खरोखर दचकला. रुमाल झटकन खाली गेला. मागून हशा उठला, तो पुढपर्यंत आला आणि टाळ्या पडल्या. त्या वाक्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. पडदा पडेपर्यंत रुमाल पुन्हा दिसला नाही.

खाली उतरल्यावर यांना पहिलं हेच विचारलं, "पोचत नव्हतं का?"

"पहिल्यापासून पोचत होतं."

"मग वर कशाला केलात?"

"माझ्या पुढचा माणूस फोनवर प्लॉटचा सौदा करत होता, मला ऐकू येईना. ऐकू आलं नाही की रुमाल वर, ही रीत. तू ओरडलीस तसा तो 'हो आजी' म्हणाला आणि फोन बंद केला."

पुढच्या प्रयोगाला त्या मुलीने माझ्यासाठी माईक आणलाच नाही. यांनी रुमाल इस्त्री करून घेतला.