नाव न सांगणारे आमचे परीक्षक

केमिस्ट्री शिकवणारे तिघं एका टेबलावर चहा प्यायला बसले, की हवापाण्याच्या गप्पा दोन मिनिटांत संपतात आणि पेपरचे किस्से सुरू होतात. रायपूरच्या आमच्या कॉलेजात तर ते इतके साठलेत, की नवीन माणूस आला की आधी किस्से ऐकतो, मग टाइमटेबल मागतो!

पद्धत साधी आहे. आपण संशोधनाचा पेपर जर्नलला पाठवायचा. जर्नल तो दोन-तीन जाणकारांना वाचायला देतं. ते चुका काढतात. त्यांची नावं आपल्याला कधीच कळत नाहीत.

माझ्या पहिल्या पेपरवर एका परीक्षकानं चार पानं भरून चुका लिहिल्या. मी रडकुंडीला आले. आमचे हेड बोरकर सर, रायपुरातल्या तात्यापाऱ्यात राहणारे, मूळचे वर्ध्याचे. ते म्हणाले, "काहून रडून राहिल्या मेश्राम मॅडम? चार पानं लिहाले त्यानं किती वेळा वाचलं असंन! तुमच्या घरी कोणी एकदा तरी वाचला काय?"

घरी खरंच कोणी वाचला नव्हता.

एकदा तर एका जर्नलनं चुकून बोरकर सरांचाच पेपर सरांनाच तपासायला पाठवला! सरांनी लगेच उत्तर टाकलं, "लेखकाला मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्याबद्दल निःपक्षपाती राहणं मला जमणार नाही."

आमची तिसरी म्हणजे नम्रता. इथल्याच चौबे कॉलनीत वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्या पेपरवर परीक्षकानं लिहिलं, 'प्रयोग पुन्हा करा.' पोट्टी भडकली. जर्नलला कडक पत्र लिहायला बसली. सर म्हणाले, "पत्र उद्या लिहिजो. आज गोल बाजारात चाल, मले कढई घ्यायची आहे."

दुकानात नम्रतानं सरांसाठी एकेक कढई उचलून, वाजवून पाहिली. पाच नापास केल्या! सर शांतपणे म्हणाले, "कढई वाजवून घेतेस, अन् तुझा पेपर कोणी वाजवला त राग येते?"

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोग पुन्हा केला. संध्याकाळी येऊन म्हणाली, "सर, वो सही बोल रहा था."

मग मलाही पेपर तपासायला येऊ लागले. पहिल्याच वेळी मी फार टोचून लिहिलं. सर म्हणाले, "लिहिणारा पोट्टा समोर बसला आहे असं समजा, अन् मोठ्यानं वाचा." तिसऱ्या ओळीलाच मी पेन उचललं. चुका तेवढ्या ठेवल्या, टोमणे सगळे खोडले.

पण खरा किस्सा हातपंपांचा.

रायपूरबाहेरच्या एका गावात आम्ही तिघांनी पंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं होतं. ते जास्त असलं, की मुलांच्या दातांवर डाग पडतात. आमच्या तक्त्यात शाळेजवळचा पंप चांगला निघाला, तलावाजवळचा वाईट. सगळ्यांनी शाळेचंच पाणी प्यावं, असं पंचायतीला सांगायचंही आम्ही ठरवलं होतं.

तेवढ्यात परीक्षकाचा प्रश्न आला. 'शाळेतल्या मुलांच्या दातांवर डाग आहेत, असं तुम्हीच लिहिता. मग शाळेचं पाणी चांगलं कसं? कृपया बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासाव्यात.'

चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. त्याच दिवशी गावात जाऊन आम्ही नव्यानं पाणी भरून आणलं, तपासलं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती! वाईट पाणी शाळेचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात जाऊन मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. सरपंच दीदींनी लगेच शाळेच्या पंपाला साखळी लावली. मग विचारलं, "गलती पकड़ी किसने?"

"नाम नहीं मालूम, दीदी," मी म्हटलं. "कोई है, जिसने ध्यान से पढ़ा."

"हव," म्हणजे हो, एवढंच त्या म्हणाल्या.

आठवड्यानं पंपावर पाटी लागत होती. 'यह पानी न पिएँ.' खाली तपासणाऱ्यांची नावं : बोरकर, मेश्राम, नम्रता. पेंटरनं ब्रश पुसायला घेतला, तशा दीदी म्हणाल्या, "अभी एक लाइन और है."

"क्या लिखूँ?"

"लिखना कुछ नहीं है, भैया. जगह छोड़ दो. आदमी तो है ना!"