अर्धं जुनं पाणी

प्रयोगशाळेत आम्ही तिला दाई म्हणतो. तिचं काम चपट्या बाटल्यांच्या तळाशी आधारपेशींचा थर वाढवण्याचं. हाडाच्या पोकळीत मज्जेला धरून ठेवणाऱ्या या पेशी. त्यांच्यातल्याच काही पुढे हाड होतात. बाकीच्या जणी रक्ताच्या कोवळ्या पेशींना जवळ घेतात आणि कुणी लाल व्हायचं, कुणी पांढरं, ते शिकवतात. खाली थर नसेल तर रक्तपेशी कितीही धडधाकट असोत, तग धरत नाहीत.

दाईचा दंडक एकच. बाटलीतलं पोषक पाणी बदलताना अर्धं जुनं ठेवायचं. थराने सोडलेले निरोप त्या जुन्या पाण्यात असतात. ते फेकलं की वरची लेकरं पोरकी. नव्या माणसाने बाटली पूर्ण रिकामी केली, की ती त्याची अशी हजेरी घ्यायची की शेजारच्या टेबलावर माझे कान लाल व्हायचे.

तिचा धाकटा भाऊ गवंडी. त्याची मज्जा आतून निबर होत चालली होती. दाईने आपल्या रक्ताच्या कोवळ्या पेशी दिल्या, पण त्या रुजल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, बी चांगलं आहे, जमिनीचं सांगता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा तर त्यातच तो जाण्याची भीती. म्हणून त्याच्या मज्जेचा नमुना घेऊन बाटलीत थर वाढवायचा, त्यावर दाईच्या पेशी सोडायच्या, आणि त्या जगल्या तरच पुढचं पाऊल टाकायचं, असं ठरलं. त्या नमुन्यानेच तो इतका खचला, की पुन्हा सुई टोचायची सोय उरली नाही.

ती बाटली दाईने कुणाला शिवू दिली नाही. थर विरळ होता, पण होता. तिच्या पेशी त्याला बिलगल्या तेव्हा तिने मला ओढतच मायक्रोस्कोपपाशी नेलं. आम्ही दोघी रडलो.

मग तिला पाणी पिवळट दिसायला लागलं. आपला भाऊ घाणीत पडलाय, असं तिच्या मनाने घेतलं. एका सकाळी तिने सगळं ओतून ताजं भरलं. दुसऱ्या सकाळीही तेच. अति तिथं माती, हे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं. लवकरच पेशी थरापासून सुटल्या आणि मरून तरंगायला लागल्या.

"थरच वाईट होता, असं सांग," मी म्हणाले. तिचा चेहरा बघवत नव्हता. तिने ऐकलं नाही, डॉक्टरांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मग ही बाटली काहीच सांगत नाही. आता ज्याचा जीव आहे त्यालाच विचारा.

तिने खाटेपाशी उभं राहून भावाला सगळं सांगितलं. मी दारात होते. तो छताचा गिलावा बघत होता.

"ताई, बाटलीत तुझा हात पोचत होता," तो म्हणाला. "माझ्या हाडात नाही पोचणार. दे पुन्हा."

तिने दिल्या. आता तो वेगळ्या जंतुमुक्त खोलीत, काचेपलीकडे तापाने फणफणलाय. रोज रक्त तपासतात आणि रोज नव्या पेशींचा पत्ता नसतो. मला दाईचा राग येतो, आणि माझं माणूस असतं तरी मी तिच्याच हाती सोपवलं असतं. ती बाहेर बाकावर बसून असते. परवा नर्सने सलाइनची बाटली बदलायला काढली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. दाई ताडकन उठली, काचेपर्यंत गेली. मग परत येऊन बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.