फूल न मिळालेलं यंत्र

झेंडूची फुलं दिसली की ती घटना मला आजही आठवते आणि मी एकटाच हसू लागतो. घरच्यांना आता ते सवयीचं झालं आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांबद्दल कुणी विचारलं तर मी थोडक्यात आटोपतं घेतो. ही हकीकत मात्र न विचारता सांगतो. यातल्या माणसांचे नातेवाईक अजून त्याच भागात आहेत, म्हणून नाव कुणाचंच घेत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पाटणच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. ठाणं कौलारू, जीप ढकलल्याशिवाय न चालणारी, शिपाई हाफ पँटीतले. कोठडी एवढी रिकामी असायची की ठाणे अंमलदार तिच्यात घरचे कांदे पसरून ठेवायचा. हद्दीत गुन्हे कमी आणि रानडुकरं उदंड. भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की डुकरांच्या टोळ्या खाली उतरत. त्यासाठी बऱ्याच शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बारा बोअरच्या बंदुका होत्या. काडतुसं मात्र मोजकी मिळत, आणि तीही साताऱ्याला हेलपाटा घातल्यावर.

भाद्रपदात एका सकाळी एक शेतकरी ठाण्यात आला. त्याला भुवयाच नव्हत्या. त्यामुळे तो चिडलेला होता की आश्चर्यचकित झाला होता, हे पटकन कळेना. तो म्हणाला, "सायेब, फसवणुकीची फिर्याद लिवून घ्या."

डुकरावर बार टाकताना काडतूस भलतंच जोरात फुटलं होतं. भुवया जळाल्या आणि नळी फुगली. काडतूस कुठलं म्हणून विचारलं तर ते 'भरलेलं' निघालं. म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्यात पुन्हा दारू आणि छर्रे भरायचे. विनापरवाना हे करणं गुन्हा, आणि असं काडतूस घेणारा काही साव ठरत नाही. हा गृहस्थ चोरीछुपे घेतलेला माल निकृष्ट निघाला म्हणून पोलिसांकडे दाद मागत होता. हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं, पण त्याला पटलं नाही.

"कायद्याचं तुमी बघा," तो म्हणाला. "पर त्या मानसाचं काडतूस आजवर कवा फसलं न्हवतं. आत्ताच का बिघडलं, त्येवढं शोधा. नाव काय मी सांगनार न्हाई. लय चांगला मानूस हाय."

तो गेल्यावर ठाण्यात सगळे पोट धरून हसले. मग मी त्याने मागे ठेवलेल्या बंदुकीची नळी उजेडात धरून पाहिली आणि माझं हसू मावळलं. फुगा आणखी थोडा वाढता तर नळी फाटली असती आणि या माणसाचे डोळे गेले असते. अशी काडतुसं आणखी किती घरांत पडून असतील? त्यात दसरा महिन्यावर आलेला. त्या भागात सीमोल्लंघनाला गावचे मानकरी बंदुकीचे बार काढतात. बंदूक गालाला लावून उभा राहिलेला म्हातारा मानकरी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दसऱ्याच्या आत हा माल गोळा करायचाच, असं मी ठरवलं.

खबर लागली ती आमच्या जमादारांमुळे. ते मूळचे सांगलीचे. गणपतीला गेले असताना त्यांच्या मेहुण्याने गप्पांत सांगितलं, की तो काम करतो त्या लेथच्या कारखान्यात पाटणकडचा एक पेन्शनर फौजी आला होता. पितळी दांड्याचं जुनं हातयंत्र दाखवून "हुबेहूब असंच करून द्या" म्हणाला. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, मंडळींना कुरडया घालायला. मेहुण्याने विश्वास ठेवला. जमादारांनी यंत्राच्या तोंडाचं माप विचारून घेतलं आणि पहिली बस पकडून ते परत आले.

"सायेब, बारा बोअरच्या तोंडाची कुरडई मी तरी खाल्ली न्हाई," ते म्हणाले.

फौजी शोधायला वेळ लागला नाही. हद्दीतल्याच एका वाडीत राहणारा, सैन्यात हत्यारांची दुरुस्ती करून निवृत्त झालेला, गावात वजन असलेला माणूस. आम्ही पंच घेऊन रीतसर झडती घेतली. कणग्या पाहिल्या, माळा पाहिला, कडब्याची गंज उपसली. खुराड्यात हात घातला तेव्हा अंड्यांवर बसलेल्या कोंबडीने जमादारांना अशी चोच मारली, की पंचांना पंचाईत पडली, हसावं की गंभीर राहावं. यंत्र सापडलं नाही.

ठाण्यात बोलावून चौकशी केली. मी दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिला, सैन्यातल्या दिवसांच्या गोष्टी काढून पाहिल्या. तो खुर्चीच्या कडेवर ताठ बसून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायचा. "मी शेळ्या राखतो, सायेब." मी सावकारांपासून गावगुंडांपर्यंत सगळ्यांची चौकशी केली आहे, पण शेळ्यांच्या आड इतका पक्का दडलेला माणूस पाहिला नव्हता. शेवटी सोडून दिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी प्रत्येकजण आपापलं हत्यार, अवजार पुजतो. आम्हीही ठाण्यात रायफली, बेड्या, लाठ्या मांडल्या. जीपला हार घातला. ठाणे अंमलदाराने टंकयंत्राला कुंकू लावलं आणि त्याच्या डाव्या बाजूची अक्षरं दिवाळीपर्यंत लाल उमटत राहिली. एवढ्यात जमादारांनी घरून आणलेली एक चिरफाळलेली जुनी लाठी पुढे ठेवली. ती केव्हाच बाद झालेली होती. मी म्हटलं, ही कशाला?

"हिला वगळून कसं चालंल, सायेब? हिच्याच जिवावर प्वॉट भरलं."

मी आरतीचं तबक तसंच खाली ठेवलं आणि जीप ढकलायला सांगितली.

वाडीत पोचलो तेव्हा फौजीच्या सोप्यात पूजा चालू होती. पाटावर विळा, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध ते जुनं यंत्र. पितळी दांडा चिंचेने घासून लखलखीत केलेला, गळ्यात झेंडूची माळ. आम्हाला पाहून फौजी उभा राहिला. यंत्रावर धोतराचा सोगाही टाकला नाही त्याने. पूजेतली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची नसते, मग समोर फौजदार का असेना. पाटाबाहेर, भिंतीकडे तोंड करून, हिरव्या रंगाचं दुसरं एक नवं यंत्र होतं. त्याला ना कुंकू, ना फूल.

खरं तर मला 'हे काय आहे' असं विचारायचं होतं. तोंडून निघालं भलतंच. मी विचारलं, "याला फूल का नाही?"

फौजीने त्या हिरव्या यंत्राकडे पाहिलं. शेळ्यांची आठवण त्याला राहिली नाही.

"त्येला कशाला फूल, सायेब? त्येनं माजं नाव घालवलं."

मग त्याने सगळं सांगितलं. जुनं यंत्र एका इंग्रज साहेबाने देश सोडून जाताना त्याला दिलेलं. दर वेळी तेवढीच दारू, तेवढाच दाब, केसाचा फरक नाही. ओळखीपाळखीची चार माणसं काडतुसं भरून घ्यायची. मागणी वाढली तसं त्याने सांगलीहून दुसरं करून आणलं. लेथवाल्याला कुरडयांचं सांगितलं होतं, त्यामुळे त्याने कुरडयांना पुरेल एवढंच काटेकोर काम केलं. कधी दारू कमी पडे, कधी दुप्पट. दोन्ही यंत्रांची काडतुसं एकाच पोत्यात मिसळली आणि वरून पाहून खरं-खोटं कळायची सोय राहिली नाही. भुवया जळाल्याची बातमी आल्यावर त्याने काही ना काही निमित्त काढून सगळ्यांकडून माल परत आणला होता. एका घरातला मात्र राहिला होता; तिथे निमित्त चाललं नाही, आणि खरं सांगायला तोंड उघडेना.

ते घर त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं. सीमोल्लंघनाला पहिला बार काढायचा मान त्याच भावाचा, आणि तो बार दुसऱ्या दिवशीच होता.

मी उत्तरपूजा होऊ दिली, खीर खाल्ली आणि मगच पंचनामा केला. जमादारांनी गंभीरपणे विचारलं की माळ मुद्देमालात धरायची का. मी म्हटलं धरा. 'झेंडूच्या माळेसह हातयंत्र एक' अशी नोंद माझ्या हद्दीत त्याआधी झाली नव्हती. यंत्रं दडवली कुठे होती हे फौजीने सांगितलं तेव्हा जमादार आपल्या हाताकडे बघत राहिले. खुराड्यातली ती कोंबडी त्या यंत्रांवरच बसली होती.

मग आम्ही भावाच्या दारात गेलो. सत्तरी ओलांडलेला, पटक्याचा, करारी म्हातारा. पोलीस आणि धाकटा भाऊ एकत्र पाहून त्याने काय ते ताडलं आणि आपल्याकडे दुकानातल्या काडतुसांशिवाय काहीच नाही म्हणून ठणकावून सांगितलं. भावाला वाचवायला निघाला होता बिचारा. मी डोळ्यांचं भय घातलं तर माझ्यावरच उखडला. "माजा भाऊ फौजंत बंदुका दुरुस्त करत हुता. त्येच्या हातचं काम कवा फसलंय? उद्या बार काडनारच."

घराची झडती घेता आली असती. पण म्हातारा काडतूस कंबरेला खोचून सीमोल्लंघनाला निघाला असता तर त्याला अडवायची कुणाची प्राज्ञा होती? मी फौजीकडे पाहिलं. आख्ख्या पंचक्रोशीत त्याचं एवढंच नाव होतं, की त्याचं काम फसत नाही. आणि हे नाव त्याला भावासमोर, शेजाऱ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने पुसायचं होतं. तो उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"आण्णा," तो म्हणाला, "माजं काम नासलंय. ती काडतुसं उडवू नगासा. तुमचं डोळं जातील."

म्हातारा वळला. आत गेला, देवघराखालचा पत्र्याचा डबा घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता तो भावाच्या हातात दिला. "त्येवढं सांगाय येवडा येळ लावतुस व्हय रं?" एवढंच म्हणाला, आणि भावाच्या पाठीवर एक धपाटा घातला. धपाटा जोराचा होता, पण धाकट्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला म्हाताऱ्याने पावतीचं, दुकानातलं काडतूस वापरून पहिला बार काढला. जामिनावर सुटलेला धाकटा त्याच्या शेजारी उभा होता. बार झाल्यावर त्याने आधी भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग सोनं द्यायला हात पुढे केला. आमचे बिनभुवयांचे तक्रारदारही आले होते. निकालावर आपण समाधानी आहोत असं त्यांनी मला सांगितलं.

या प्रकरणाने मला तपासाची एक रीत शिकवली, ती पुढे निवृत्त होईपर्यंत वापरली. माणूस गुन्ह्याबद्दल विचारलं तर गप्प बसतो. त्याच्या कामाबद्दल विचारा, चांगलं का झालं, वाईट का झालं. त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. कितीतरी गुन्हे मी असेच उघडकीला आणले, आणि हात उगारायची वेळ क्वचितच आली.

खटला रेंगाळला. पुढच्या खंडेनवमीला आम्ही रायफली मांडत होतो, तेव्हा फौजी ठाण्याच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कुंकवाची पुडी आणि पानात बांधलेली फुलं. काय हवं ते त्याला सांगावं लागलं नाही. मी मुद्देमालाची खोली उघडायला लावली. जमादारांना सोबत उभं केलं. त्याने जुन्या यंत्रावरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. निघता निघता तो थबकला. पानात एक फूल उरलं होतं.

"त्येचा तरी काय दोस, सायेब," तो म्हणाला. "त्येच्या करणाऱ्याला मी कुरडयाच सांगितल्या हुत्या."

आणि ते उरलेलं फूल त्याने हिरव्या यंत्रावर ठेवलं.