हातभर खिडकी

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. बसलो तरी पाय हलत राहतो, आणि हातात एखादं हत्यार आलं की काय कापू नि काय तोडू असं होऊन जातं. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होतो, तेव्हा तर या रोगाने कळसच गाठला.

वर्कशॉपात विजेवर चालणारी एक परदेशी करवत होती. यंत्रं बसवायला आलेली माणसं ती मागे ठेवून गेली होती. वजनाला चांगली दणदणीत, दोन्ही हातांनी धरायची, आणि तोंडाला वीतभर पातं. खटका दाबला की ते पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं आत-बाहेर पळायचं. लाकूड, खिळे, पाइप, तिला काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. तोंडापाशी एक लोखंडी पट्टी होती. ती कापायच्या वस्तूला घट्ट टेकवून धरायची, एवढंच पथ्य. नाही टेकवली तर करवत वस्तू सोडून धरणाऱ्यालाच हलवायची. मला ती फार आवडायची. खोटं कशाला बोलू, बायकोपेक्षा तिच्याकडे माझं लक्ष जास्त असायचं.

घरी बायकोला सातवा महिना लागला होता. आमचं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या अंगाला पत्रे ठोकून केलेली खोली. खिडकी नाही, धुराडं नाही. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या की आतलं माणूस दिसायचं नाही. एकदा धुराने तिला भोवळ आली, भाकरी तव्यावर जळून गेली आणि आईने तिला धरून बाहेर आणलं. त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं. "आवं, पत्र्याला हातभर खिडकी पाडा. लई जीव गुदमरतो."

तेवढ्यासाठीच मी फोरमनच्या मागे लागून करवत एका रविवारपुरती मागून घेतली, सोमवारी पहिल्या पाळीला परत करायच्या बोलीवर. सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणली. लाकूड कापायची दोन पाती मिळाली, लोखंडाचं मात्र एकच शिल्लक होतं.

करवत ओसरीवर ठेवतो न ठेवतो तोच आई म्हणाली, "पोटुशी बाई घरात असली की नवरा-बायकूनं घर तोडायचं नसतं. ध्यानात ठेव."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वाद घालीन असं तिला वाटलं असावं. एरवी मी भाजीतल्या मिठावरूनही आईशी भांडायचो. त्या दिवशी मात्र गुणी लेकरासारखी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. खिडकी म्हणजे दहा मिनिटांचं काम, तेही मागच्या बाजूला, निवडुंगाच्या कुंपणाकडे पाठ करून. तिथे बघायला कोण येणार होतं?

पुढच्या अंगाला अख्खी आळी जमली होती. शेजाऱ्याचा पडका गोठा उतरवायचा होता. मी वायर ओढली, पातं चढवलं आणि आधी छपराचे वासे, मग बाभळीच्या मेढी, गंजक्या खिळ्यांसकट सपासप कापून काढल्या. लोक "आरं तिच्या!" म्हणत मागे सरकत होते. मग काय, कुणी पाइप आणला, कुणी मोडका लोखंडी पलंग. मी लोखंडाचं पातं चढवलं. बायकोने दारातून दोनदा हाक मारली, "तेवढं पातं राखून ठेवा." मी "व्हय, व्हय" म्हणालो आणि पुढचा पाइप मागितला. जेवायलाही उठलो नाही. हाताला झिणझिण्या आल्या होत्या, तरी थांबवेना.

चारच्या सुमाराला एका जाड सळईत पातं अडकलं. पट्टी टेकवायचं पथ्य घाईत मीच मोडलं होतं. करवतीने हिसका दिला आणि पातं मधोमध तुटलं. तुकडा मी रागाने कोपऱ्यात भिरकावला. लोक पांगले. बायको नाकाला पदर लावून चूल पेटवायला आत गेली. तिचा खोकला मला ओसरीवर ऐकू येत होता. आईचीच बंदी होती, त्यात माझा काय दोष, असं मी मनाला समजावत बसलो. पाय मात्र हलायचा थांबेना.

सोमवारी करवत परत केली. पाळी सुटल्यावर घरी आलो तर मागच्या बाजूने धूर बाहेर पडताना दिसला. धावतच गेलो. पत्र्याला भोक पडलं होतं. हातभर, वाकडंतिकडं, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. खाली छिन्नी, वरवंटा आणि चिंधी गुंडाळलेला माझ्याच पात्याचा तुकडा. आई शेजारी बसून तळहाताच्या चिरांवर हळद दाबत होती.

"तूच म्हनाली हुतीस ना, घर तोडायचं न्हाई?" मी भडकलोच.

"नवरा-बायकूनं न्हाई म्हनले. सासूला कुठं बंदी हाय?"

"मग हे कालच का न्हाई सांगितलं?"

"दिसभर वाट बघितली. अर्धी आळी तुझ्याभवती हुती. कुनाच्याबी हातात ती करवत दिली असतीस तर खिडकी झाली असती. तुलाच ती सोडवली न्हाई."

कानात ते वाक्य, डोळ्यांसमोर तिचे पिवळे झालेले तळहात.

"आता उभा काय राहतोस? कडा घास," आई म्हणाली. "घासायला बंदी न्हाई."

मी कानस आणली आणि पत्र्याची धार घासून बोथट करायला लागलो. आत बायको भाकरी थापत होती. ती खोकत नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि चुलीपुढे बसलेल्या तिचा चेहरा मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट पाहिला.