डाव्या बॅकच्या मागोमाग

गाडी हलायला लागली तेव्हा आईनं खिडकीतून दशम्यांचा डबा आत दिला आणि वर हुकूम सोडला, "एवढं विचारून ये. खेळात तरी बरा होता का?"

विचारायचं होतं तिच्या धाकट्या भावाबद्दल, माझ्या वसंतमामाबद्दल. मामा नागपूरला एका गिरणीच्या फुटबॉल संघात डावा बॅक होता, म्हणजे डाव्या काठानं गोल राखणारा. पावसाळ्यात तो वारला आणि थंडी पडल्यावर तिथल्या चाहत्यांनी त्याच्या नावानं मॅच ठेवून आईला बोलावलं. आईनं साफ नाही म्हटलं, म्हणून मी निघाले. तिच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला सख्खा भाऊ आला नव्हता. त्या दिवशी त्याची मॅच होती. ऐन वेळी एक चुलतभाऊ उभा केला, त्याला धड पिळताही आलं नाही, असं बाबा अजून सांगतात. तेव्हापासून आई मामाशी कामापुरतंच बोलायची. तो गेल्याचं कळलं तेव्हाही ती रडली नाही, भांडी घासत बसली. मला त्याचीच धास्ती होती.

प्रवास रीतसर झाला. भुसावळच्या अलीकडे डोळ्यात इंजिनचा कोळसा गेला आणि मी डोळा चोळत असताना शेजारच्या आजोबांनी माझ्या दशम्या स्वतःच्या समजून संपवल्या. वर "तुमच्याकडे मीठ कमी घालतात," असंही सांगितलं.

नागपूर स्टेशनवर संत्र्यांच्या टोपल्यांमागे बाबाराव उभे होते. गिरणीतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, चाहत्यांचे म्होरके. सायकलरिक्षातून त्यांनी मला थेट एका टपरीवर नेलं आणि तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा) पुढ्यात ठेवले. पोह्यांवर खोबरं भुरभुरणारी आम्ही पुण्याची माणसं. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. "वसंताभाऊची भाची आली" म्हणत पाचसहा जण भोवती जमले. त्यांना वाटलं, मी मामाच्या आठवणीनं रडतेय. मीही खुलासा केला नाही.

पाणी पिऊन मी आईचा प्रश्न विचारला.

"खोटं काहून बोलू?" बाबाराव म्हणाले. "धावाले कच्चा होता. गोल त्यानं जिंदगीत एकच मारला, अन् तो बी आपल्याच जाळीत."

"हेड मारे तं डोळे मिटून मारे," दुसऱ्यानं भर घातली. सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या.

माझं तोंड उतरलं. ज्या खेळापायी भावाबहिणीत इतकी वर्षं दुरावा राहिला, त्या खेळातही आमचा माणूस यथातथाच होता, हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुपारी मॅच. मैदान म्हणजे उघडा माळ, बसायला आपापलं गोणपाट. आम्ही एका काठाला बसलो. शेजारी शेंगदाणे विकणाऱ्या शेवंताबाई होत्या. मध्यंतराची शिट्टी झाली आणि आमच्या काठावरची झाडून सगळी माणसं उठली, गोणपाटं झटकून चालायला लागली. मॅच संपली असं समजून मी चपला घातल्या आणि बाबारावांना वाकून नमस्कार केला.

"कुठी चालल्या?" शेवंताबाईंनी विचारलं.

"मॅच संपली ना?"

"संपते कुठं? वसंताभाऊ त्या काठाले गेला न. चल वं माय."

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून डावा बॅक समोरच्या काठाला जातो, एवढं मला समजलं. पण मामा मैदानात नव्हता. त्याच्या जागी भलताच कुणी खेळत होता. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

"बॉल काठाबाहेर गेला का आत फेकाले तोच ये," चालता चालता बाबाराव सांगू लागले. "बॉल पुसता पुसता विचारे, शेवंताबाई, खोकला थांबला का? पोरीले शाळेत घातलं का, बाबाराव? तेवढ्यात पंच शिट्टी मारे. मंग जवाब द्याले मध्यंतरात आमाले त्या काठाले जा लागे. आता सवयच झाली."

समोरच्या काठाला शेवंताबाईंनी टोपली टेकवली. "इथंच त्यानं त्या विंगरचा कान पिळला होता."

"कुणाचा?"

"समोरच्या संघातल्या, याच्या काठानं बॉल घेऊन धावनाऱ्या पोट्ट्याचा. बॉल नाही, भांडण नाही. सरळ गेला अन् पिळला. पंचानं बाहेर काढला. काहून गा असं केलं, म्हटलं, तं म्हणे, आज बहिणीचं लगन हाय. सुट्टी मांगतली, साहेबानं देल्ली नाही. कोनाचा तरी कान पिळनंच होता."

"मग?"

"मॅच झाल्यावर तो विंगर आला. त्याले समजलं होतं. अंगातली जर्सी काढून याच्या हातात देल्ली, म्हणे घ्या, कानपिळीचा आहेर. आमी हारलो, पण राग कोनाले नाही आला."

मी हसले आणि मग हुंदका आवरेना. या वेळी तर्रीचा काही संबंध नव्हता.

घरी आले तेव्हा आई संत्रं सोलत ऐकत होती. मामा धावायला कच्चा, हे मी आधीच सांगून टाकलं. कानाची गोष्ट आली आणि तिचे हात थांबले.

"आहेरसुद्धा उकळला गुलामानं," ती म्हणाली. हसायला लागली, आणि हसता हसता पदर तोंडाशी नेऊन रडली. खूप वेळ रडली. मी तिला थांबवलं नाही.

प्रवासात माणूस काय काय बघून येतो. मी एक मोकळा काठ बघून आले, ज्याच्यासाठी माणसं अजून उठून जातात. तेही आईला सांगितलं. तिनं डोळे पुसले.

"पुढच्या वर्षी तिकीट दोघींचं काढ," ती म्हणाली. "आणि मध्यंतर झालं की मला उठायला हात दे. गुडघ्यांपायी मी मागे राहायला नको."